सही एजंटाकडे द्या, घड्याळ स्वतःकडे ठेवा: पेटंटच्या अधिकारपत्रावर सही करण्याआधी



पेटंटवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. शब्द वेगळे असतात, प्रश्न एकच: "सर, एजंटला सही करून दिली. आता आपलं काम संपलं ना?"

व्हिडिओत मी त्याचं उत्तर दोन वाक्यांत उरकलं होतं. ती माझी चूक झाली, म्हणून आज सविस्तर लिहितोय. आधी एक गोष्ट सांगतो.

आमच्या एका बॅचला सांगलीकडचा एक तरुण होता. घरचा छोटा फॅब्रिकेशनचा धंदा. हळद पॉलिश करायच्या ड्रममध्ये त्याने एक बदल केला होता, ज्याने तुकडा कमी पडायचा आणि धूळ बाहेर यायची नाही. आसपासच्या गावांत त्याची चार मशीन गेली होती. कुणीतरी सांगितलं, "पेटंट काढ, नाहीतर मोठा कारखानावाला उचलेल." त्याने फोनवरून एक कन्सल्टन्सी शोधली. पॅकेज ठरलं, "सगळं आम्ही बघतो" असं आश्वासन मिळालं. पाच-सहा कागद आले, 'इथे सही' अशा खुणा केलेल्या. दहा मिनिटांत सह्या झाल्या, कागद कुरियरने परत गेले. अर्ज दाखल झाला, नंबर मिळाला. त्याने ती पावती लॅमिनेट करून दुकानात लावली.

पुढे दोन-अडीच वर्षांनी एका डीलरने विचारलं, "पेटंटचं कुठवर आलं?" त्याने कन्सल्टन्सीला फोन लावला तर नंबर बंद. वेबसाइटवर अर्ज क्रमांक टाकून बघितलं तर अर्ज सोडून दिल्याचा शेरा. पेटंट ऑफिसने परीक्षण अहवाल पाठवला होता, त्याला मुदतीत उत्तर गेलं नाही, म्हणून कायद्याने धरून चाललं की अर्जदाराने अर्ज सोडला.

"पण सर, मला तर काहीच आलं नाही!" तो म्हणाला. खरं होतं. त्याला काही आलं नव्हतं. सगळं एजंटाच्या ईमेलवर गेलं होतं. आणि कायद्याच्या नजरेत तेवढं पुरेसं होतं, कारण त्याने सही करून दिलेल्या एका पानाने तसं ठरवलं होतं.

त्या पानाचं नाव फॉर्म २६.

फॉर्म २६ म्हणजे काय?

कोर्टात केस लढायची तर आपण वकीलपत्र देतो. जमिनीच्या कामाला भावाला मुखत्यारपत्र करून देतो. पेटंटच्या कामात तसाच कागद म्हणजे फॉर्म २६. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२८ प्रमाणे तुमचे अर्ज आणि पत्रव्यवहार तुमच्या वतीने एजंट सही करून देऊ शकतो, पण त्यासाठी तुम्ही त्याला लेखी अधिकार दिलेला पाहिजे. तो लेखी अधिकार फॉर्म २६ वर द्यायचा, किंवा स्टॅम्प पेपरवरच्या मुखत्यारपत्राने.

अर्ज दाखल झाल्यावर ३ महिन्यांच्या आत हा कागद पेटंट ऑफिसला जावा लागतो. गेला नाही तर ती त्रुटी दूर होईपर्यंत अर्जावर पुढची कारवाई होत नाही. म्हणजे एजंट "सही लवकर पाठवा" म्हणून मागे लागतो, त्यात गैर काही नाही. त्याचं बरोबरच आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. या पानावर चारच वाक्यं आहेत, आणि ती चारही वाक्यं न वाचता आपण सही करतो. ती मराठीत साधारण अशी:

पहिलं: या कामात माझ्या वतीने वागायला मी अमुक व्यक्तीला अधिकार देतो.

दुसरं: या कामाच्या सगळ्या नोटिसा, मागण्या आणि पत्रं वेगळं काही नमूद केलं नसेल तर त्या व्यक्तीच्या पत्त्यावर पाठवा.

तिसरं: याच कामासाठी मी आधी कुणाला अधिकार दिला असेल तर तो रद्द करतो.

चौथं: त्या व्यक्तीने या कामात आतापर्यंत जे काही केलं, त्याला माझी संमती आहे.

आता पुन्हा एकदा वाचा, सावकाश.

दुसऱ्या वाक्याने तुमची टपालपेटी दुसऱ्याच्या घराला लागली. चौथ्या वाक्याने तुम्ही न बघितलेल्या कामालाही हो म्हटलं. समजा एजंटने अर्ज आधी दाखल केला आणि तुमची सही नंतर मागितली, असं सर्रास होतं. मग त्या अर्जात तुमच्या मशीनचं वर्णन चुकीचं असलं तरी "माझी संमती आहे" हे तुम्ही लिहून दिलेलं असतं. म्हणून माझा पहिला आग्रह: दाखल केलेल्या अर्जाची प्रत हातात आल्याशिवाय आणि ती वाचल्याशिवाय फॉर्म २६ वर सही नको. प्रत मागणं म्हणजे एजंटावर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला एजंट प्रत स्वतःहूनच पाठवतो.

एजंटला कळलं म्हणजे तुम्हाला कळलं

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. पेटंट नियमावली २००३ मधला नियम १३५. एकदा तुम्ही एजंटला अधिकार दिला, की त्या कामातला कुठलाही कागद एजंटला मिळाला तर तो तुम्हालाच मिळाला असं धरलं जातं.

थांबा इथे. याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते बघा. परीक्षण अहवाल सोमवारी एजंटच्या ईमेलवर आला. एजंट आजारी आहे, किंवा त्याने नोकरी बदलली, किंवा तुमचा शेवटचा हप्ता थकला म्हणून त्याने फाइल बाजूला ठेवली. तुम्हाला काहीच माहीत नाही. तरी सोमवारपासून तुमचं घड्याळ सुरू झालं. "मला सांगितलं नाही" ही तक्रार तुमची आणि एजंटची आपसातली. पेटंट ऑफिसच्या हिशेबात तुम्हाला नोटीस बजावली गेलेली आहे.

हा नियम अन्यायाचा आहे का? मला तसं वाटत नाही. ऑफिसने प्रत्येक पत्र दोन-दोन ठिकाणी पाठवायचं, कुणाला मिळालं आणि कुणाला नाही यावर वाद घालायचा, असं केलं तर एकही अर्ज पुढे सरकणार नाही. तुम्ही माणूस नेमलात, त्याच्याशी आम्ही बोलू, हे व्यवहाराला धरूनच आहे. पण मग माणूस कोण नेमला आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, ही जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. नेमका हाच भाग पॅकेज विकणारे सांगत नाहीत.

घड्याळं किती आहेत, तेही एकदा लिहून ठेवा:

तात्पुरत्या तपशिलावर, म्हणजे प्रोव्हिजनलवर अर्ज केला असेल तर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. नाही दिला तर अर्ज सोडला असं धरतात.

परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८. ती आपोआप होत नाही, वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून नियम बदलला. त्यानंतरच्या अर्जांना ३१ महिने, त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने. ही मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे आधी प्रोव्हिजनल केला असेल तर त्याच्या तारखेपासून. विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

परीक्षण अहवाल आल्यावर त्यातले आक्षेप दूर करायला ६ महिने. मुदतवाढ मिळते, पण ती मागावी लागते आणि फी भरावी लागते. काहीच केलं नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडला असं धरतात. आपल्या सांगलीच्या मित्राचं इथेच गेलं.

आणि पेटंट मिळाल्यावर नूतनीकरणाची फी. ती भरली नाही तर मिळालेलं पेटंटही संपतं. ते पुन्हा जिवंत करण्यासाठी १८ महिन्यांत अर्ज करता येतो, पण तोवर मधल्या काळात कुणी काय केलं याचा घोळ होतोच.

यातला एकही दिवस एजंट चुकवू शकतो. नुकसान मात्र प्रत्येक वेळी अर्जदाराचं.

आणि नुकसान केवळ फीचं नसतं. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, कुणीही वाचू शकतं. आपल्या मित्राचा अर्ज प्रसिद्ध झालेला होता. म्हणजे ड्रमची रचना जगासमोर आली, आणि अर्ज बाद झाल्यामुळे संरक्षण काही नाही. परत नवा अर्ज करावा तर त्याचाच जुना प्रसिद्ध झालेला अर्ज 'हे नवीन नाही' म्हणून आडवा येतो. स्वतःच्या पैशाने स्वतःची कल्पना फुकट वाटल्यासारखं झालं.

"कोर्टात जाता येईल ना?"

येतं. आणि दिलासा मिळाल्याची उदाहरणंही आहेत. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर युरोपियन युनियनचं प्रकरण आलं होतं. त्यांचे अर्ज परीक्षण अहवालाला उत्तर न गेल्यामुळे बाद झाले होते, आणि चूक एजंटाच्या बाजूची होती. न्यायालयाने बघितलं की अर्जदाराचा अर्ज सोडण्याचा हेतू नव्हता, तो पाठपुरावा करत होता. म्हणून अपवाद म्हणून अर्ज पुन्हा चालवायला परवानगी दिली. नंतर २०२४ मध्येही त्याच न्यायालयाने अशाच एका प्रकरणात एका भारतीय अर्जदाराला दिलासा दिला आणि पेटंट एजंटांसाठी आचारसंहिता हवी, यावर बोट ठेवलं.

पण यातून काय घ्यायचं? काही लोक म्हणतात, "बघा, कोर्ट वाचवतं." मी म्हणतो, नीट वाचा. न्यायालयाने दिलासा अपवाद म्हणून दिला आणि अर्जदाराने स्वतः पाठपुरावा केला होता हे बघून दिला. ज्याने अडीच वर्षांत एकदाही स्टेटस तपासलं नाही, त्याने 'मी अर्ज सोडला नव्हता' हे कशावरून दाखवायचं? शिवाय उच्च न्यायालयात रिट करायची म्हणजे वकील आला, तारखा आल्या. ज्याने पॅकेजचे हप्ते पाडून घेतले होते त्याला ते परवडणार आहे का? आपल्या मित्राला नाही परवडलं. त्याने ती लॅमिनेट केलेली पावती काढून ठेवली आणि कामाला लागला.

मग एजंट नेमायचाच नाही का?

इथे माझं मत अनेकांना पटत नाही, पण सांगतो. भारतात राहणाऱ्या अर्जदाराला एजंट नेमणं सक्तीचं नाही. तुम्ही स्वतः तपशील लिहू शकता, स्वतः अर्ज करू शकता, सुनावणीला स्वतः उभे राहू शकता. कलम १३२ मध्ये तसं स्पष्ट आहे. इंटरनेटवर 'स्वतःचं पेटंट स्वतः करा' म्हणून व्हिडिओही पुष्कळ आहेत.

तरी मी म्हणेन, जमत असेल तर एजंट घ्या.

कारण पेटंटचा जीव दाव्यांमध्ये असतो. दावे म्हणजे अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली वाक्यं, ज्यातून तुमची हद्द ठरते. सातबाऱ्यावर जशी चतुःसीमा असते, तसं समजा. हद्द फार मोठी आखली तर परीक्षक म्हणतो हे आधीपासून आहे. फार लहान आखली तर शेजारचा एक नट बदलून तेच मशीन विकतो आणि तुम्ही बघत बसता. ही हद्द आखणं हे कसबी काम आहे. त्यासाठी पैसे द्यावेत, जरूर द्यावेत.

म्हणून कसब विकत घ्या, पण देखरेख विकत मिळत नाही. दावे एजंटने लिहायचे. तारखा तुम्ही सांभाळायच्या. धंद्यात आपण सीएला जीएसटीचं काम देतो, तरी रिटर्न भरलं का हे पोर्टलवर बघतो ना? तसंच.

कुणाला अधिकार देताय ते आधी बघा

पेटंट एजंट हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकत नाही. कलम १२६ प्रमाणे तो भारताचा नागरिक असावा, वय २१ पूर्ण असावं, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असावी आणि पेटंट ऑफिसची परीक्षा पास झालेला असावा. (पेटंट ऑफिसमध्ये परीक्षक किंवा नियंत्रक म्हणून किमान १० वर्षं काम केलेल्यांना परीक्षेऐवजी तो अनुभव चालतो.) मग त्याचं नाव नोंदवहीत चढतं आणि नोंदणी क्रमांक मिळतो.

कलम १२९ अजून पुढे जातं. नोंदणी नसलेली व्यक्ती स्वतःला पेटंट एजंट म्हणवू शकत नाही, आणि कुठलीही कंपनी तर पेटंट एजंट असूच शकत नाही. भागीदारी फर्म असेल तर सगळे भागीदार नोंदणीकृत हवेत. हे मोडलं तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

यातून धडा काय? फॉर्म २६ वर कन्सल्टन्सीचं नाव आणि लोगो पुरेसा नाही. तिथे हाडामांसाच्या माणसाचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. आपल्या मित्राच्या फॉर्मवर एका नोंदणीकृत एजंटाचं नाव होतं, नाही असं नाही. पण त्या माणसाशी तो आयुष्यात एकदाही बोलला नव्हता. बोलणं सगळं सेल्सच्या मुलीशी. तिने कंपनी सोडली, आणि दुवा तुटला.

अजून एक गैरसमज. "आमचे वकील साहेब आहेत, तेच बघतील." तुमचे नेहमीचे वकील पेटंटच्या सुनावणीला तुमच्या बाजूने उभे राहू शकतात. पण ते पेटंट एजंट म्हणून नोंदलेले नसतील तर अर्ज तयार करण्या-दाखल करण्याचं एजंटाचं काम त्यांना करता येत नाही. सीएंचंही तसंच. ओळखीचा माणूस आणि अधिकार असलेला माणूस यात फरक असतो.

आणि कुणी "१०० टक्के पेटंट मिळवून देतो" म्हणाला तर नमस्कार करून उठा. पेटंट देणं न देणं नियंत्रकाच्या हातात असतं, एजंटाच्या नाही.

एजंटांचीही बाजू आहे

एकतर्फी लिहिलं असं नको व्हायला. माझ्या ओळखीत चांगले एजंट आहेत, आणि त्यांचं दुखणंही ऐकतो. अर्जदार फोन नंबर बदलतो आणि कळवत नाही. परीक्षण अहवाल पाठवला तर चार महिने उत्तर नाही, आणि मुदतीला तीन दिवस राहिले की रात्री अकराला फोन: "साहेब, करून टाका ना." मशीनमध्ये नेमकं काय वेगळं आहे हे विचारलं तर "तुम्हीच लिहा काहीतरी छान" म्हणतो. फी द्यायची वेळ आली की गायब.

अधिकारपत्र दिलं म्हणजे एजंटला तुमच्या डोक्यात काय आहे ते कळत नाही. परीक्षकाने "असाच ड्रम आधी अमुक पेटंटमध्ये आहे" असा आक्षेप घेतला, तर तुमचा ड्रम वेगळा कसा हे मशीन चालवणारा तुम्हीच सांगू शकता. ते तांत्रिक उत्तर तुमच्याकडून वेळेत गेलं नाही तर जगातला सर्वांत हुशार एजंटही हरेल. म्हणजे काम दोघांचं आहे. एकाने सोडलं की दुसऱ्याचंही वाया जातं.

मी तुमच्या जागी असतो तर

आता कामाचं बोलू. सहीच्या आधी आणि नंतर मी या गोष्टी करेन:

१. नोंदवही तपासेन. आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. फॉर्मवरचं नाव आणि क्रमांक तिथे सापडला पाहिजे. मग त्या माणसाशी स्वतः एकदा बोलेन, पाच मिनिटं का होईना.

२. मशीन समजावण्याआधी गोपनीयतेचा करार करेन. दोन पानांचा असतो. टाळणारा माणूस असेल तर दुसरा शोधेन.

३. अधिकार एकाच अर्जापुरता देईन. अधिकारपत्र एका विशिष्ट अर्जासाठी देता येतं किंवा सगळ्या कामांसाठी सरसकट. मोठ्या कंपन्यांचे शेकडो अर्ज असतात, त्यांना सरसकट सोयीचं. आपला एक अर्ज आहे, तर त्या एका अर्जाचंच नाव लिहायचं. कोऱ्या जागा ठेवून सही अजिबात नाही.

४. ईमेल. या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पत्रव्यवहाराच्या पत्त्यात एजंटाच्या ईमेलसोबत स्वतःचा ईमेल आणि मोबाइल घालायला सांगा. फॉर्ममध्येच 'वेगळं नमूद केलं नसेल तर' अशी सोय आहे, ती वापरा. ईमेल धंद्याचा, कायमचा असावा. पुतण्याने कॉलेजात असताना उघडून दिलेला नको.

५. अर्जदार कोण आहे ते बघेन. फॉर्म २६ ने एजंटला तुमच्या वतीने वागायचा अधिकार मिळतो, मालकी नाही. मालकी द्यायची तर वेगळा लेखी करार लागतो. म्हणून सह्यांच्या गठ्ठ्यात 'हस्तांतरण' किंवा 'असाइनमेंट' असा कागद दिसला तर हात थांबवा आणि विचारा. तुमची कंपनी अर्जदार असेल आणि शोध तुमचा असेल, तर तुमच्याकडून कंपनीला असा कागद लागू शकतो, ते ठीक. पण घेणारं नाव तिसऱ्याचंच असेल तर मुळीच नाही. फॉर्म १ वर अर्जदार आणि संशोधक या दोन्ही ठिकाणी कुणाची नावं आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

६. सरकारी फी आणि एजंटाची फी वेगळी लिहून घेईन. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. इतरांना हेच ८,००० आणि २०,००० पडतं. तपशील ३० पानांच्या किंवा दावे १० च्या वर गेले तर जादा. हे आकडे माहीत असले की पॅकेजमध्ये मेहनताना किती ते कळतं. परीक्षण अहवालाचं उत्तर आणि सुनावणी पॅकेजमध्ये आहे का, हे आधी विचारा, कारण भांडणं तिथेच होतात. तुमचा स्टार्टअप मान्यताप्राप्त असेल तर २०१६ पासून चालू असलेल्या केंद्राच्या योजनेची चौकशी करा. त्यात नेमलेल्या सुविधाकर्त्याचा मेहनताना सरकार देतं, तुम्हाला फक्त सरकारी फी भरावी लागते.

७. महिन्याच्या १ तारखेला स्टेटस बघेन. अर्ज क्रमांक टाकला की कुणालाही फुकट दिसतं, लॉगिन लागत नाही. वीजबिल भरायच्या दिवशीच हे काम जोडून टाका. स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या काही वाद झालाच तर 'मी पाठपुरावा करत होतो' याचा तोच पुरावा.

एजंटशी पटलं नाही तर? बदलता येतो. नवा फॉर्म २६ दिला की त्यातल्या तिसऱ्या वाक्याने जुना अधिकार रद्द होतो. जुन्या एजंटाच्या परवानगीची अट त्यात नाही. पत्रव्यवहाराचा पत्ता बदलायची विनंती मात्र सोबतच द्या, नाहीतर पत्रं जुन्याच दारात पडत राहतील. आणि केलेल्या कामाचे पैसे चुकते करा. फाइलचे कागद मिळवायला त्याचाच उपयोग होतो, आणि तसंही ते बरोबर आहे.

शेवटचं

आपल्याकडे सही ही फार सहज होते. बँकेत, सोसायटीत, शाळेत, 'इथे, इथे आणि इथे' म्हटलं की आपण करतो. पेटंटच्या बाबतीत ती सवय महाग पडते, कारण इथे नोटीस दुसऱ्याला मिळते आणि हक्क आपला जातो.

सांगलीच्या मित्राने मागच्या वर्षी दुसरा अर्ज केला. जुन्या ड्रमचा नव्हे, तो गेला तो गेला. नव्या रचनेचा. यावेळी एजंटही घेतला, फॉर्म २६ ही दिला. फरक एवढाच की दुकानात आता पावती लटकत नाही. तिथे दिनदर्शिका आहे, आणि तिच्यावर लाल पेनने तीन तारखा गोल केलेल्या आहेत. त्याची बायको गल्ल्यावर बसते. १ तारखेला तीच विचारते, "स्टेटस बघितलं का?"

तुमचा अर्ज आधीच दाखल झाला असेल तर हा लेख बंद करा, अर्ज क्रमांक शोधा आणि आजच स्टेटस बघा. अर्ज क्रमांक सापडत नसेल, तर पहिला फोन कुणाला करायचा ते तुम्हाला कळलंच असेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.